जुना कॅमेरा आणि नवी लेन्स : सुसंगतीचा विचार



छायाचित्रणाविषयी बोलावयाचे म्हणजे सामान्यतः प्रकाश, रचना आणि दृष्टी यांविषयी बोलले जाते. मी मात्र आज त्याहून पुष्कळच लहान अशा एका वस्तूविषयी बोलणार आहे. कॅमेरा आणि लेन्स जेथे एकमेकांना जोडली जातात तेथे धातूचे एक कडे असते. त्याला माउंट असे म्हणतात. आपण त्याला बैठक म्हणू. लेन्स या कड्यात बसवून थोडी फिरविली की खट् असा आवाज होतो आणि जोडणी पूर्ण झाली असे आपण समजतो. ही समजूत कितपत खरी असते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा प्रश्न आताच उपस्थित होण्याचे कारण असे की, संपत आली असे वाटणारी फिल्म पुन्हा हाती घेणारा एक वर्ग गेल्या काही वर्षांत तयार झाला आहे. २०२४ साली पेंटॅक्स १७ या नावाने फिल्मचा एक नवा कॅमेराही बाजारात आला. परंतु बहुतेकांच्या हाती पडतो तो नवा कॅमेरा नव्हे, तर वडिलांच्या किंवा काकांच्या कपाटात पडून राहिलेला जुना कॅमेरा. त्याची लेन्स बहुधा बुरशीने खराब झालेली असते. अशा वेळी मनुष्य विचार करतो की, कॅमेरा निकॉनचा आहे आणि घरात निकॉनची नवी ऑटोफोकस लेन्सही आहे, तेव्हा ती यावर लावून पाहावी. लावून पाहिली तर ती बसतेही. आणि खरी अडचण येथूनच सुरू होते. कारण जी लेन्स बसतच नाही ती कोणाचे नुकसान करीत नाही. नुकसान होते ते बसणाऱ्या, परंतु काम न करणाऱ्या लेन्समुळे. फिल्मच्या बाबतीत हे नुकसान छत्तिसावे छायाचित्र घेऊन, रोल धुवून आल्यानंतरच कळते. तोपर्यंत ज्या प्रसंगासाठी कॅमेरा बाहेर काढला तो प्रसंग होऊन गेलेला असतो.

कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतून या संदर्भात जो इंग्रजी शब्द वारंवार येतो त्याला आपण मराठीत ‘सुसंगत’ असा प्रतिशब्द देतो. अनुवादाच्या दृष्टीने शब्द निर्दोष आहे. पण त्यातून असा भास होतो की वस्तू एक तर सुसंगत असते किंवा नसते. वास्तविक लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक नव्हे, तर पाच प्रकारचे संबंध असतात आणि ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे तुटू शकतात. हे पाच संबंध समजून घेतल्यास पुढील सर्व विवेचन सोपे होईल.

पहिला संबंध बैठकीच्या आकाराचा. दुसरा अंतराचा : लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ठरलेले असावे लागते, अन्यथा दूरच्या वस्तूची प्रतिमा फिल्मवर स्पष्ट उमटत नाही. तिसरा संबंध अ‍ॅपर्चरचा. लेन्सच्या आत धातूची पातळ पाती असतात आणि त्यांच्या मधोमध लहानमोठे होणारे छिद्र असते, हेच अ‍ॅपर्चर. छायाचित्र घेण्याच्या क्षणी ते किती मिटावे हे कॅमेरा आणि लेन्स यांनी मिळून ठरवावयाचे असते. चौथा संबंध माहितीचा : छिद्र किती उघडे राहणार आहे हे प्रकाशमापकाला कळले पाहिजे. पाचवा संबंध ऑटोफोकसच्या शक्तीचा : लेन्समधील भिंगे पुढेमागे सरकविणारी मोटर कॅमेऱ्यात आहे की लेन्समध्ये, आणि तिला वीज व आज्ञा कोठून मिळतात.

आता इतिहासाकडे वळू. निकॉन कंपनीचा ‘एफ’ हा कॅमेरा १९५९ साली आला. त्याच्या बैठकीचा आतील व्यास ४४ मिलिमीटर आणि बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर होते. या दोन मापांत कंपनीने पुढे साठ वर्षे बदल केला नाही. १९७७ साली प्रकाशमापकाच्या जोडणीत सुधारणा झाली. पूर्वी लेन्सच्या कड्यावरील दोन कानांसारखा एक तुकडा कॅमेऱ्यावरील खुंटीत अडकवावा लागे. आता कड्याच्या मागील कडेवरच एक उंचवटा ठेवण्यात आला आणि लेन्स बसविताच तो आपोआप कॅमेऱ्यावरील पट्टीला टेकू लागला. या पद्धतीला ‘एआय’ असे नाव मिळाले. बैठक मात्र तीच राहिली.

खरी कसोटी १९८५ साली लागली. मिनोल्टा कंपनीने त्या वर्षी ७००० क्रमांकाचा कॅमेरा आणला. ऑटोफोकसची यंत्रणा कॅमेऱ्याच्या अंगातच असलेला आणि बाजारात मोठे यश मिळविणारा असा हा पहिलाच लेन्स बदलता येणारा कॅमेरा होय. त्यासाठी मिनोल्टाने १९५८ पासून चालत आलेली आपली बैठक सोडून दिली आणि नवी स्वीकारली. प्रतिस्पर्धी कंपन्यांना आता उत्तर देणे भाग होते. प्रश्न असा होता की, कालपर्यंत ज्यांनी आपल्या लेन्सेस विकत घेतल्या त्या ग्राहकांचे काय करावयाचे?

निकॉन आणि कॅनन या दोन कंपन्यांनी या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे दिली आणि माझ्या मते या विषयाचे सारे मर्म त्या दोन उत्तरांत आहे.

निकॉनने बैठक राखली. १९८३ साली त्यांनी लेन्समध्ये मोटर असलेला एक प्रयोग ‘एफ-३ एएफ’ या कॅमेऱ्यात करून पाहिला होता. परंतु १९८६ च्या ‘एफ-५०१’ मध्ये मोटर कॅमेऱ्यात ठेवण्यात आली आणि बैठकीतून बाहेर डोकावणाऱ्या, पेचकसाच्या टोकासारख्या एका लहान दांडीने ती लेन्सला फिरवू लागली. लेन्सवर अ‍ॅपर्चरचे कडे होतेच, एआय पद्धतीचा उंचवटाही होता. परिणामी ही नवी ऑटोफोकस लेन्स १९८२ च्या ‘एफएम-२’ या हाताने चालविण्याच्या कॅमेऱ्यावर सर्व बाबतींत चोख काम देते. फक्त फोकस हाताने करावा लागतो. पाचपैकी चार संबंध शाबूत राहतात आणि पाचव्याची त्या कॅमेऱ्याला गरजच नसते. या पिढीच्या लेन्सेस, तसेच १९९२ पासून आलेल्या ‘डी’ प्रकारच्या लेन्सेस जुना कॅमेरा वापरणाऱ्याने निःशंकपणे घ्याव्यात. दोन गैरसोयी तेवढ्या लक्षात ठेवाव्यात. मोटरला थोडक्या फिरण्यात काम उरकता यावे म्हणून या लेन्सेसचे फोकसचे कडे फारच कमी फिरते. त्यामुळे हाताने अचूक फोकस साधणे जुन्या लेन्सच्या मानाने कठीण जाते. दुसरे असे की, दर्शिकेच्या मध्यभागी दुभंगलेली प्रतिमा जुळवून फोकस करण्याची जी सोय जुन्या कॅमेऱ्यात असते, ती एफ/५.६ सारख्या कमी प्रकाश घेणाऱ्या झूम लेन्सबरोबर नीट चालत नाही. दुभंगाचा एक भाग काळा पडतो.

कॅननने याच्या नेमके उलट केले. १९७१ पासूनची त्यांची ‘एफडी’ बैठक छायाचित्रकारांत प्रतिष्ठा पावलेली होती. १९८६ साली त्या बैठकीचा ‘टी-९०’ हा अत्यंत प्रगत कॅमेरा निघाला आणि अवघ्या वर्षभरात, १९८७ साली, ‘ईओएस ६५०’ या कॅमेऱ्यासह कंपनीने ‘ईएफ’ ही सर्वस्वी नवी बैठक जाहीर केली. एफडी बैठकीचे अंतर ४२ मिलिमीटर होते, नव्या बैठकीचे ४४. हा दोन मिलिमीटरांचा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु त्यामुळे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर फिल्मपासून दोन मिलिमीटर अधिक दूर राहते आणि मध्ये आणखी एखादे भिंग घातल्याशिवाय दूरचे दृश्य स्पष्ट येत नाही. असे भिंग असलेले जोडकडे कॅननने काढले, परंतु ते निवडक दूरदर्शी लेन्सेसपुरतेच उपयोगी होते. ज्याने १९८६ मध्ये टी-९० घेतला त्याची लेन्सेसची पेटी एका वर्षात जुन्या जगात जमा झाली.

मात्र नव्या बैठकीत कॅननने एक दूरदृष्टीही दाखविली. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये एकही यांत्रिक दांडी ठेवली नाही. प्रत्येक लेन्समध्ये तिची स्वतःची मोटर. अ‍ॅपर्चरही विजेच्या साहाय्याने लेन्समध्येच मिटणारे. मधला सर्व व्यवहार विद्युत्-संदेशांचा. याचा परिणाम आज असा दिसतो की, २०१७ साली कॅननने काढलेली ईएफ ८५ मिलिमीटर एफ/१.४ ही लेन्स १९८७ च्या ईओएस ६५० वर लावली असता तिचा फोकस होतो आणि अ‍ॅपर्चरही आज्ञेप्रमाणे मिटते. तीस वर्षांचे अंतर असूनही मूळ व्यवहार अखंड राहिला. जो नियम एकदा मोडला तो पुन्हा मोडावा लागू नये अशा बेताने नवा नियम रचलेला होता. अपवाद २००३ पासूनच्या ‘ईएफ-एस’ लेन्सेसचा. त्या लहान आकाराच्या डिजिटल संवेदकासाठी केलेल्या असल्यामुळे फिल्मच्या कॅमेऱ्यावर बसतच नाहीत. येथे न बसणे हीच एक प्रकारची प्रामाणिक सूचना होय.

निकॉनचा मार्ग प्रथमदर्शनी अधिक सौजन्याचा वाटतो आणि पुष्कळ अंशी तो तसा होताही. परंतु ऑटोफोकसच्या गरजा वाढत गेल्या तशी मोटर लेन्समध्ये नेणे निकॉनलाही अपरिहार्य झाले. १९९६ पासून ‘एएफ-एस’ या नावाच्या, आतच मोटर असलेल्या लेन्सेस आल्या. त्यांना आज्ञा देण्याची सोय सर्व जुन्या कॅमेऱ्यांत नव्हती. १९८८ साली निकॉनचे दोन कॅमेरे आले, ‘एफ-४’ आणि ‘एफ-८०१’. दोन्ही ऑटोफोकसचे, पण एएफ-एस लेन्सची मोटर एफ-४ वर चालते, एफ-८०१ वर चालत नाही. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन भावंडांपैकी एकालाच पुढच्या पिढीची भाषा समजते, असा हा प्रकार आहे.

यापुढील बदल अधिक गंभीर होता. साधारणतः २००० सालानंतर निकॉनने ‘जी’ प्रकारच्या लेन्सेस काढण्यास प्रारंभ केला. त्यांवर अ‍ॅपर्चरचे कडे नसते. ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट जुन्या कॅमेऱ्याच्या दृष्टीने काय घडविते ते नीट पाहू, कारण सर्वाधिक फसगत येथेच होते.

जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यात एक लहानशी दांडी लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे धरून ठेवते, म्हणून दर्शिकेतून दृश्य उजळ दिसते. शटर सुटण्याच्या क्षणी कॅमेरा ही दांडी सोडून देतो आणि लेन्समधील स्प्रिंग छिद्र मिटविते. ते किती मिटावे हे कॅमेरा सांगत नाही. छायाचित्रकाराने लेन्सच्या कड्यावर जो आकडा लावलेला असतो तेथे ते थांबते. आता कडेच नसेल तर थांबविणार कोण? छिद्र शेवटपर्यंत मिटते. लेन्स एफ/२.८ ची असो, जुन्या एफएम-२ वर ती प्रत्येक वेळी एफ/२२ वर जाऊन थांबते. या दोहोंत सहा पायऱ्यांचे अंतर आहे आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे अपेक्षिलेल्या प्रकाशाचा ६४ वा हिस्साच फिल्मवर पडतो. प्रकाशमापकाला ढकलणारा उंचवटाही नसल्यामुळे मापक खरी स्थिती सांगू शकत नाही. आणि दर्शिकेत तर दृश्य अखेरपर्यंत उजळच दिसत असते! लेन्स बसली, फोकस झाला, शटरचा आवाज आला. आणि रोल धुतल्यावर हाती आली ती जवळजवळ कोरी निगेटिव्ह.

ज्या कॅमेऱ्यांना ही दांडी अर्ध्या वाटेत थोपविण्याची कला अवगत होती त्यांचे मात्र असे होत नाही. एफ-४ आणि १९९० च्या दशकातील ‘एफ-९०’ हे कॅमेरे स्वतः अ‍ॅपर्चर ठरविण्याच्या पद्धतीत जी लेन्स बिनतक्रार वापरतात. छायाचित्रकाराला ते स्वतः ठरवावयाचे असेल तर मात्र ती मुभा नाही. १९९६ चा ‘एफ-५’, १९९९ चा ‘एफ-१००’ आणि २००४ चा ‘एफ-६’ यांच्यात कॅमेऱ्यावरील चाकानेच अ‍ॅपर्चर बदलता येते; त्यामुळे तेथे जी लेन्सचे सर्व काही चालते. जुना कॅमेरा नव्या लेन्सेससाठीच घ्यावयाचा असेल तर तो या तिघांपैकी असावा, असे मी सुचवीन.

पण येथेही साखळी संपत नाही. २००८ पासून काही मोजक्या आणि पुढील दशकात बऱ्याच लेन्सेसमधून निकॉनने अ‍ॅपर्चरची दांडीच काढून टाकली आणि ते काम विजेवर सोपविले. या ‘ई’ प्रकारच्या लेन्सेस होत. आता उलट घडते : कोणत्याही फिल्म कॅमेऱ्यावर, अगदी एफ-६ वरही, त्यांचे छिद्र मिटतच नाही; ते सदैव पूर्ण उघडे राहते. जी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर डोळे घट्ट मिटून घेते, ई लेन्स डोळे मिटू शकत नाही. २०१६ नंतरच्या ‘एएफ-पी’ लेन्सेसची गोष्ट आणखी निराळी. त्यांचे फोकसचे कडे भिंगांना प्रत्यक्ष फिरवीत नाही, केवळ आतील मोटरला सूचना देते. आणि ती मोटर फिल्म कॅमेऱ्याचे ऐकत नाही. म्हणजे हाताने फोकस करण्याचा शेवटचा आधारही उरत नाही. याखेरीज ‘डीएक्स’ असा उल्लेख असलेल्या लेन्सेस लहान संवेदकासाठी असतात. त्यांची प्रतिमा २४ गुणिले ३६ मिलिमीटरची फिल्म पूर्ण व्यापीत नाही आणि चित्राचे कोपरे काळे राहतात. या सर्व लेन्सेस १९५९ च्याच आकाराच्या बैठकीत बसतात, हे विसरता कामा नये.

येथे एक विचार मनात येतो. १९८७ साली कॅननने जे केले, म्हणजे लेन्समध्ये मोटर आणि विजेवर चालणारे अ‍ॅपर्चर, तेथेच निकॉनही अखेर येऊन पोहोचली. फक्त एका उडीत नव्हे, तर पंचवीस-तीस वर्षांत पायरीपायरीने. कॅननच्या ग्राहकांना बदलाची किंमत एकाच दिवशी, पूर्ण आणि उघडपणे मोजावी लागली. निकॉनच्या ग्राहकांना ती हप्त्याहप्त्याने मोजावी लागली आणि प्रत्येक हप्त्याची जाणीव करून देणारे चिन्ह म्हणजे लेन्सच्या नावातील एखादे अक्षर. पहिला प्रकार कठोर, पण स्पष्ट. दुसरा मृदू, पण जाणत्यालाच मानवणारा. निकॉनने जुन्या ग्राहकांवर केलेले उपकार मी कमी लेखीत नाही. ज्याच्याजवळ १९७७ नंतरची लेन्स होती त्याला ती अनेक वर्षे नव्या कॅमेऱ्यांवर वापरता आली, हे फार मोठे आहे. परंतु जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालणे आणि नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर चालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कंपनीने हमी दिली ती मुख्यतः पहिल्या गोष्टीची. ग्राहक मात्र तीच हमी दुसऱ्या गोष्टीलाही लागू आहे असे धरून चालतो.

२०१८ साली निकॉनने ‘झेड’ आणि कॅननने ‘आरएफ’ या नव्या बैठकी आणल्या आणि हे प्रकरण एका अर्थी मिटले. झेड बैठकीचे अंतर केवळ १६ मिलिमीटर आहे. जुन्या निकॉनमध्ये आरसा हलण्यासाठी ४६.५ मिलिमीटर जागा राखलेली असल्याने झेड लेन्स फिल्मच्या इतकी जवळ आणताच येत नाही. उलट जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लावण्यासाठी मध्ये ३०.५ मिलिमीटर लांबीचे जोडकडे पुरते. तेव्हा मागील पिढीची लेन्स पुढे जाऊ शकते, पुढील पिढीची मागे येऊ शकत नाही. या बाबतीत भूमितीपुढे कोणाचाही इलाज चालत नाही.

मग जुना कॅमेरा बाळगणाऱ्याने काय करावे? विकत घेण्यापूर्वी त्याने लेन्सला पाच प्रश्न विचारावेत. बैठक माझ्याच कॅमेऱ्याची आहे काय? प्रतिमा पूर्ण फिल्म व्यापते काय? अ‍ॅपर्चरचे कडे आहे काय, आणि नसल्यास माझा कॅमेरा ते काम स्वतः करतो काय? बैठकीच्या आत अ‍ॅपर्चरची दांडी दिसते काय? मोटर कोठे आहे, आणि ती चालली नाही तर हाताने फोकस होतो काय? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेन्सकडे नुसते पाहून निम्मे मिळते. उरलेल्या निम्म्यासाठी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका लागते.

आणि येथे ग्रंथालयांच्या चालकांना एक विनंती करावीशी वाटते. १९९० च्या कॅमेऱ्याची पुस्तिका २०१५ च्या लेन्सविषयी काही सांगू शकत नाही. २०१५ च्या लेन्सची पुस्तिका १९९० च्या कॅमेऱ्याची सविस्तर दखल घेत नाही. या दोन कागदांच्या मधली जागा वाचकाने स्वतःच्या आकलनाने भरून काढावयाची असते आणि त्यासाठी दोन्ही कागद उपलब्ध असावे लागतात. जुनी यंत्रे लोक जपून ठेवतात. त्यांच्या पुस्तिका मात्र रद्दीत जातात. एखाद्या वाचकाने अशी पुस्तिका आणून दिली तर ती किरकोळ कागद म्हणून नाकारू नये. पुढे कोणाचा तरी एक रोल, आणि त्या रोलवरचा एक न परतणारा प्रसंग, तिच्यामुळे वाचेल.

‘सुसंगत’ या शब्दाला मी पर्याय सुचवीत नाही. तो वाचताना ‘कशाशी आणि किती’ एवढे दोन प्रश्न त्याच्यापुढे लिहून ठेवावेत, इतकेच माझे सांगणे आहे.